सहा ते सात

"फिट किती वेळ चालली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, दहा मिनिटं. ही म्हणाली, पंधरा तरी असतील. रात्रीचे साडेतीन वाजले होते. दीड वर्षांची लेक हिच्या खांद्यावर गाढ झोपली होती आणि आम्ही दोघंही खरं तेच सांगत होतो. निदान आम्हाला जेवढं खरं वाटत होतं तेवढं.

"दोन्ही हात झटके देत होते की एकच?" दोन्ही, मी म्हणालो. ही गप्प. हिने लेकीचा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता. डाव्याचं काय चाललं होतं ते हिने पाहिलंच नव्हतं. "डोळे वर गेले होते की एका बाजूला?" आठवेना. "ताप किती होता?" खूप होता. "मोजला होता?" संध्याकाळी मोजला होता. "तापाचं औषध शेवटचं कधी दिलं?" झोपायच्या आधी. "म्हणजे किती वाजता? किती मिलिलिटर? बाटलीवर काय लिहिलं होतं?"

रात्रपाळीचे ते डॉक्टर तरुण होते, शांत होते, एकदाही त्यांचा आवाज चढला नाही. तरी प्रत्येक प्रश्नागणिक माझा धीर सुटत चालला. सगळं आमच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि दोघांनाही काही धड सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा खेळायला लागली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मी मोबाईल उघडून रात्रीचे फोन तपासले. भावाला केलेला पहिला फोन २:४१ चा. त्यात मी नुसताच ओरडत होतो. दुसरा २:४४ चा, त्यात मी त्याला "थांबलं, आता रडतेय" असं सांगितलं होतं. झटके सुरू झाल्यापासून फोन हातात घेईपर्यंत फार तर अर्धं मिनिट गेलं असेल. म्हणजे सगळं मिळून साडेतीन मिनिटं. आमची पंधरा मिनिटं खरी साडेतीन मिनिटांची होती.

यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण तापात येणारी फिट सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते. ती सगळ्या अंगाला आली, पंधरा मिनिटांच्या आत थांबली आणि चोवीस तासांत परत आली नाही, तर डॉक्टर तिला साधी म्हणतात. तिने सहसा मुलाचं कायमचं नुकसान होत नाही. पंधरा मिनिटांच्या वर गेली, अर्ध्याच अंगाला आली किंवा त्याच दिवशी पुन्हा आली, की विचाराची दिशाच बदलते, तपासण्या वाढतात. आम्ही भीतीच्या मापाने सांगितलेल्या त्या 'पंधरा'ने लेकीला नको त्या रांगेत नेऊन उभं केलं असतं. नशीब, त्या डॉक्टरांनी आमच्या आकड्यापेक्षा लेकीकडे जास्त बघितलं.

वही त्या संध्याकाळी सुरू झाली. साधी, रेघांची, शंभर पानी.

पहिली काही पानं आज वाचवत नाहीत. "आज खूप ताप. फार किरकिर. काहीच खाल्लं नाही. श्वास जोरात चाललाय असं वाटतंय." ही वही आम्ही मोठ्या विश्वासाने बालरोगतज्ज्ञांकडे नेली. नेहमीच्या डॉक्टर, बाई, वयाने आमच्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांनी पेन काढलं आणि काही न बोलता 'खूप', 'फार', 'काहीच' आणि 'वाटतंय' या चार शब्दांभोवती गोल केले. मग एकेका गोलापाशी थांबून विचारत गेल्या. खूप म्हणजे किती, आणि थर्मामीटर काखेत लावला होता की तोंडात? काहीच खाल्लं नाही, पण पाणी प्यायली का? शेवटची लघवी कधी झाली? आणि श्वास जोरात चाललाय असं वाटलं, तर मोजला का नाही?

श्वास मोजायचा असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मूल शांत असताना, रडत नसताना, शक्यतो झोपेत, अंगावरचं कापड वर करून पोट-छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेला जलद श्वासाचा हिशेब आहे. त्यात छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर मोजत बसायचं नाही, निघायचं. "धाप लागलीये" असं फोनवर सांगितलं तर डॉक्टर पुढचे पाच प्रश्न विचारतात. "दोन वर्षांची आहे, झोपेत मिनिटाला ५२ श्वास" असं सांगितलं की त्या म्हणतात, "घेऊन या."

तापाचंही तसंच. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा कमी येतो, म्हणून कुठे मोजला ते आकड्याइतकंच महत्त्वाचं. औषधाच्या बाबतीत तर 'पाच मिलिलिटर दिलं' हे वाक्य अर्धवटच. पॅरासिटामॉलच्या एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात २५०. चमचा तोच, औषध दुप्पट. डोस ठरतो वजनावर, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर वजन आणि ते कधी केलं ती तारीख, आणि प्रत्येक नोंदीत औषधाचं नाव, ताकद, माप, वेळ.

थर्मामीटर घरात असणं ही गोष्ट आपण किती गृहीत धरतो! जर्मनीत लाइपझिगला वुंडरलिश नावाचे डॉक्टर होते. त्यांनी हजारो रुग्णांचं तापमान रोजच्या रोज टिपून १८६८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्या काळचा थर्मामीटर फूटभर लांब होता आणि आकडा स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. एवढा वेळ एकेका माणसापाशी थांबून, तो आकडा कागदावर टिपून, टिंबं रेघेने जोडून त्यांनी दाखवलं की ताप हा स्वतः आजार नसून आजाराचं लक्षण आहे, आणि चढउताराची रेघ बघून आत कोणता आजार चाललाय याचा अंदाज बांधता येतो. रात्री दोन वाजता लेकीच्या काखेत थर्मामीटर धरून बसलो की मला तो फूटभर काचेचा थर्मामीटर आठवतो. आपल्याला एक मिनिटही थांबावं लागत नाही, आणि तरी आपण म्हणतो, "कपाळ तापलंय."

त्याच दिवसांतली एक चूक सांगायला हवी. रात्री नऊला मी तापाचं औषध दिलं आणि अंघोळीला गेलो. सव्वानऊला ही आली. हिने वही बघितली, नऊची नोंद नव्हती, म्हणून हिनेही औषध दिलं. लिहायचं मी 'नंतर' ठेवलं होतं. कळलं तेव्हा दोघांच्या काळजाचं पाणी झालं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वजन विचारलं, सिरपची ताकद विचारली, मनातल्या मनात हिशेब केला आणि पुढचा डोस किती वाजेपर्यंत द्यायचा नाही ते सांगितलं. लेकीला काही झालं नाही. पण त्या रात्रीपासून घरात नियम झाला: औषध पोटात गेलं की हातातलं माप खाली ठेवायच्या आधी नोंद. औषध देण्याआधीही नाही, कारण थुंकलं किंवा ओकलं तर ती नोंद खोटी ठरते. आणि नंतर तर नाहीच.

तापातली फिट पुढे आणखी एकदा आली. या वेळी हिने आधी घड्याळ बघितलं, मग लेकीला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, आणि मी मोबाईलवर चित्रीकरण केलं. पोटच्या पोरीला झटके येत असताना तिच्याकडे कॅमेरा धरणं हे माझ्या हातून झालेलं सगळ्यात अवघड काम. माझा हात इतका थरथरत होता की पहिले काही सेकंद नुसतं छतच दिसतं. पण दोन माणसं असतील तर एकाने मूल सांभाळावं आणि दुसऱ्याने चित्रीकरण करावं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि फिट पाच मिनिटांपुढे गेली तर कॅमेरा टाकून दवाखान्याकडे पळायचं, हेही. एक मिनिट पन्नास सेकंद. डॉक्टरांनी ते दोनदा बघितलं आणि आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही.

मग ती चार वर्षांची झाली, पाच झाली. ताप आले-गेले, फिट आली नाही. वही कपाटात गेली. ते दिवस चांगले होते, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फारसं काही नाही.

सहा वर्षांची असताना शाळेतून निरोप आला, लक्ष नसतं. घरीही तेच. मी काही सांगत असलो की मध्येच शून्यात बघायची. मी रागवायचो. "ऐकतेस का तू?" एकदा नाही, कितीतरी वेळा. एकदा तर जोरात. ती दचकली आणि म्हणाली, "काय बाबा?" जणू मी पहिल्यांदाच हाक मारली होती. तिच्यासाठी ती खरोखरच पहिली हाक होती, हे मला फार उशिरा कळलं. आधीच्या दोन हाका तिच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. त्या चढलेल्या आवाजाची नोंद कुठल्याच वहीत नाही, पण मला ती तारखेसकट आठवते.

हिच्या ते आधी लक्षात आलं. एका रात्री हिने कपाटातून जुनी वही काढली आणि मधलं एक पान सोडून लिहिलं. ती नोंद मी इथे तशीच उतरवतो.

"७:१० संध्याकाळ. शाळेतली गोष्ट सांगत होती. 'आणि मग तिने' म्हणून थांबली. डोळे उघडे. पापण्या भराभर फडफडल्या. हाक मारली, ओ नाही. खांद्याला हात लावला, तरी नाही. पडली नाही, हातातली पेन्सिल तशीच. साधारण १० सेकंद. मग 'माझी पेन्सिल घेतली', असं पुढे चालू. मध्ये थांबल्याचं तिला माहीत नाही."

या नोंदीत एकही 'खूप' नाही. घाबरले, जीव गोळा झाला, असलंही काही नाही. हिला काय वाटत होतं ते मला ठाऊक आहे, मी शेजारीच होतो. पण हिने फक्त डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहिलं. मेंदूविकारतज्ज्ञांनी ती नोंद वाचली, मान वर केली आणि लेकीला म्हणाले, "आपण एक खेळ खेळू या." कागदाची एक लांब पट्टी तिच्या तोंडासमोर धरली आणि सांगितलं, मी थांब म्हणेपर्यंत फुंकत राहा, पट्टी खाली पडू द्यायची नाही. ती फुंकत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. मग फुंकर थांबली. पट्टी खाली लोंबली. डोळे उघडे, पापण्या फडफडत. आम्ही चौघं त्या खोलीत होतो आणि त्यातली एक तेवढे सेकंद तिथे नव्हती. मग पुन्हा फुंकर सुरू झाली, जणू काही घडलंच नाही.

याला ॲबसन्स सीझर म्हणतात, फिटचाच एक प्रकार. यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत, नंतर झोपही येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं 'लक्ष नसतं' याच नावाखाली ते खपून जातं. दिवास्वप्नात हरवलेलं मूल हाकेने किंवा स्पर्शाने परत येतं; हे येत नाही, आणि ते बोलता बोलता, घास चावता चावताही होतं. पुढे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद घेणारी तपासणी झाली. त्यात सेकंदाला तीन या लयीने उसळणाऱ्या लाटा होत्या, पुस्तकात छापतात तशा. औषध सुरू झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, "आता दिवसाला किती होतात ते लिहून आणा."

इथे आमची वही दुसऱ्यांदा चुकली.

महिन्याभराने आम्ही आकडे घेऊन गेलो. सोमवारी २, मंगळवारी ३, शनिवारी ११, रविवारी १४. मी मोठ्या काळजीने सांगितलं, सुट्टीच्या दिवशी वाढतं. डॉक्टर थोडा वेळ पानाकडे बघत राहिले. मग विचारलं, "सुट्टीच्या दिवशी तुम्ही दोघं घरी असता ना?"

ते आकडे लेकीच्या आजाराचे नव्हतेच. आम्ही किती वेळ तिच्याकडे बघत होतो, त्याचे होते. ज्या दिवशी चार डोळे होते त्या दिवशी चौदा, ज्या दिवशी दमून आलेले दोन होते त्या दिवशी दोन. आजार शनिवार-रविवार बघून येत नाही. आणि मग डॉक्टरांनी ती साधी गोष्ट सांगितली, जिच्यावर पुढची अडीच वर्षं आमचं घर चाललं. रोज एक ठरावीक तास घ्या. त्या तासात एकाने तिच्याजवळ बसा, बाकी काही करू नका आणि मोजा. बाकीच्या तेवीस तासांत जे दिसेल ते वेगळ्या रकान्यात लिहा, पण तुलना करायची ती त्या एका तासाची त्याच तासाशी.

आम्ही संध्याकाळी सहा ते सात घेतला.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. मी काही दिवस कोरे सोडले होते. "या दिवशी झाली नाही, की तुम्ही बघितलं नाही?" मला सांगता येईना. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. बघितलं आणि एकही नाही, तर शून्य लिहा. बघितलं नाही, तर 'बघितलं नाही' असं लिहा, त्यात काही कमीपणा नाही. त्यानंतरच्या आमच्या वहीत 'आज बघणं झालं नाही' हे वाक्य बऱ्याच ठिकाणी आहे. आजारपण, पाहुणे, कामाचा उशीर, नुसता थकवा. ते वाक्य लिहिताना सुरुवातीला अपराधी वाटायचं. पुढे वाटेनासं झालं.

त्या काळात मी पुष्कळ वाचलं, आणि वाचता वाचता मला वेस्ट भेटले. विल्यम जेम्स वेस्ट, इंग्लंडमधले एक डॉक्टर. १८४१ साली त्यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र पाठवलं. कुणा रुग्णाविषयी नव्हे, स्वतःच्या मुलाविषयी. बाळ चार महिन्यांचं असताना त्याची मान मध्येच पुढे झुकायला लागली. मग पूर्ण डोकं गुडघ्यांकडे जाऊन लगेच सुटायचं, काही सेकंदांनी पुन्हा, असं एका वेळी दहा ते वीस किंवा त्याहूनही जास्त वेळा. ही माळ दोन-तीन मिनिटांत संपायची, आणि दिवसातून अशा दोन-तीन किंवा जास्त माळा. बसलेला असो की आडवा, फरक नाही. हे सगळं त्यांनी मोजून लिहिलं होतं. तेव्हा ईईजी नव्हता. माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद व्हायलाच पुढे ऐंशीहून जास्त वर्षं जायची होती. त्यांना माहीत असलेले सगळे उपाय करून झाले होते, आणि कुणी असं काही पाहिलं असेल तर कळवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांचा मुलगा बरा झाला नाही. आज त्या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. एखाद्या आईने बाळाच्या त्या झुकणाऱ्या मानेचं चित्रीकरण दाखवलं तर डॉक्टरांनी ते लगेच बघायला हवं, कारण या आजारात उपचार लवकर सुरू होण्याला फार महत्त्व असतं, आणि घरच्यांना ते पोटदुखी किंवा दचकणं वाटत राहतं.

ते पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'दहा ते वीस' या शब्दांपाशी थांबलो. तो आकडा मिळवायला त्या बापाला प्रत्येक झुकणं मोजावं लागलं असेल. एक, दोन, तीन. डॉक्टर होता, तरी त्या क्षणी करण्यासारखं मोजण्यापलीकडे त्याच्याकडे काहीच नव्हतं.

जे मोजता येत नाही तेही लिहावं, हे मला नॉर्वेच्या एका आईने शिकवलं. बोर्ग्नी एगेलँड. तिच्या दोन मुलांची बुद्धी वाढत नव्हती आणि दोघांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येत असे. एकामागून एक डॉक्टरांना ती वासाबद्दल सांगत राहिली आणि कुणी ते मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये आस्ब्यर्न फ्योलिंग या डॉक्टरांनी घेतलं. त्यांनी मुलांची लघवी तपासली, एक रसायन घालताच ती हिरवी झाली, आणि त्या धाग्यावरून अन्नातल्या प्रथिनांमधला फेनिलॲलनिन हा घटक शरीराला पचवता न येण्याचा आजार सापडला. त्या दोघांसाठी उशीर झाला होता. आज अनेक देशांत बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन जन्मल्यावर थोड्याच दिवसांत तो आजार शोधतात आणि वेळीच आहार बदलून मूल वाचवतात. मी त्यानंतर वहीत 'मोजता न येणारं' असा एक रकाना केला. झोपेतून उठताना चेहरा कसा होता, आवाज बदलला का, हसणं कमी झालं का. डॉक्टर तो रकाना दर वेळी वाचतात असं नाही. तरी मी तो ठेवला.

आमच्या आईने कधी काही लिहून ठेवलं नाही. तिच्या तारखा वेगळ्या. "तू दुसरीत होतास, परीक्षेच्या आदल्या दिवशी," अशा. डॉक्टरांनी अगदी पहिल्या वेळी विचारलं होतं, घरात कुणाला लहानपणी फिट येत होती का? मी ठामपणे नाही म्हणालो होतो. ते फाईलवर तसंच चढलं. सहा वर्षांनी आई एकदा नातीला थोपटत असताना सहज बोलून गेली, "तुलाही यायची रे तापात. तीनदा आली होती. तिसऱ्या वेळी तर मी अनवाणीच पळाले होते." मी थक्क झालो. कधी सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "बरा झालास ना. मग कशाला काढायचं ते?" तिला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या तिन्ही रात्री तपशिलासकट आठवत होत्या, ताप कितीचा, कोण सोबत आलं, मी शुद्धीवर येऊन पहिला शब्द काय बोललो. तिने त्या विसरण्यासाठी जपून ठेवल्या होत्या. तापातली फिट घराण्यात चालत येऊ शकते. पुढच्या भेटीत मी फाईलमधलं ते 'नाही' खोडून घेतलं आणि आईला शेजारी बसवून तिचं सगळं पहिल्यांदा लिहून काढलं. लिहीत असताना ती रडली. तिच्या त्या रात्री तिला तोवर कुणी विचारल्याच नव्हत्या.

वहीत एक रकाना सुरुवातीपासून राहून गेला होता, आणि तो आम्हा दोघांच्याही ध्यानात आला नाही. लेकीला काय वाटतं, हे आम्ही लिहितच नव्हतो. ती सहा वर्षांची होती. सहा ते सातच्या तासात मी तिला गोष्ट वाचून दाखवायचो, कारण त्या वेळी ती एका जागी बसायची आणि मला तिचे डोळे दिसायचे. एकदा मी पुस्तकावरून नजर उचलून तिच्याकडे बघितलं आणि डावीकडे ठेवलेल्या कागदावर एक रेघ ओढली. तिने विचारलं, "आता झालं का मला?" मी म्हणालो, हो, छोटंसं. ती म्हणाली, "मला कळत नाही. पण तू वाचत असतोस ना, तर मधलं वाक्य कुणीतरी घेऊन जातं."

मी ते तिच्याच शब्दांत लिहिलं. डॉक्टरांनी त्याखाली रेघ मारली आणि तिच्याकडे वळून तिला विचारलं, "दिवसातून किती वाक्यं जातात?" पुढच्या सगळ्या भेटींमध्ये ते आधी तिच्याशी बोलले, मग वहीशी, मग आमच्याशी. मला तो क्रम फार आवडला.

वहीबद्दल मला एक भीतीही वाटत आलीये आणि ती मी हिच्याजवळ बोललोय. माणूस मोजायला लागला की तो मुलाकडे बघणं सोडून आजाराकडे बघायला लागतो. पहिल्या काही महिन्यांत मी दिवसभर तिच्या पापण्यांकडे बघत असायचो. ती चित्र दाखवायला आली की माझं लक्ष चित्रावर नाही, डोळ्यांवर. पोरांना ते कळतं. ठरलेल्या तासाने आम्हाला त्यातून सोडवलं. सातला वही मिटायची. सातनंतर मी नुसता बाप. काही दिसलंच तर दुसऱ्या रकान्यात एक ओळ, पण टेहळणी बंद. आणि भेटीला जाताना अख्खी वही डॉक्टरांपुढे टाकायची नाही, आदल्या रात्री बसून त्यातलं एक पान करायचं: मागच्या भेटीपासून आठवड्यागणिक आकडे, औषध कधी चुकलं, कधी बदललं, नवीन काय, आणि आमचे तीन प्रश्न. मागची बाकीची पानं गरज पडली तर. डॉक्टरांची दहा-पंधरा मिनिटं त्या एका पानावर नीट वापरली जातात.

आकडे उतरत गेले. सहा ते सातमध्ये ५, मग ३, मग कधी १, मग शून्य. शून्यांची पहिली ओळ पूर्ण झाली तेव्हा ही त्या पानावरून नुसतं बोट फिरवत बसली होती. दोन वर्षं शून्य टिकल्यावर पुन्हा ईईजी झाला, आणि गेल्या महिन्यात डॉक्टरांनी औषध थोडं थोडं उतरवायला सुरुवात केली. कितीतरी मुलांच्या बाबतीत हा आजार वाढत्या वयात मागे पडतो. आमच्या लेकीच्या बाबतीत काय होईल ते पुढचे महिने सांगतील. तोवर सहा ते सातचा तास पुन्हा तसाच चालू आहे.

काल मी तिला वाचून दाखवत होतो. आता ती साडेआठ वर्षांची आहे, स्वतः वाचते, पण या तासाला माझ्याकडूनच ऐकते. एका वाक्यापाशी तिने हात वर केला. "बाबा, परत वाच ना ते."

मी थांबलो. पेन उचलायच्या आधी घड्याळाकडे बघितलं, सहा वाजून बावीस मिनिटं. शक्य तितक्या सहज विचारलं, "का गं? गेलं का वाक्य?"

"नाही," ती म्हणाली. "आवडलं म्हणून."

मी ते वाक्य परत वाचलं. मग तिने आणखी एकदा वाचायला लावलं. सातला वही उघडून तारीख घातली आणि पुढे शून्य लिहिलं.